थेम्स पाथ: ॲबिंग्डन ते वॉलिंगफर्ड टप्पा कसा तोडावा?

मदत हवी आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही आठ जण इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड ते गोरिंग, थेम्स नदीकाठच्या 'थेम्स पाथ' या पायवाटेने तीन दिवसांत चालणार आहोत. मुक्काम ॲबिंग्डन आणि वॉलिंगफर्डला, दोन्ही बुक झालेत, बदलता येणार नाहीत. पहिला आणि तिसरा दिवस सोपा आहे. अडचण मधल्या साधारण २२ किमीची. दोन काका साठीपुढचे, १४-१५ किमी आरामात चालतात, पुढे गुडघे कुरकुरतात (मान्य मात्र करणार नाहीत!). सामान टॅक्सीने पुढे जाईल. नकाशा पाहिला, कलम (Culham) रेल्वे स्टेशन फार लवकर येतं आणि वॉलिंगफर्डला नियमित रेल्वेच नाही. गाडी कोणाकडेच नाही. वाटेतल्या क्लिफ्टन हॅम्पडन, डॉर्चेस्टर की शिलिंगफर्ड या गावांपैकी, काकांना रविवारी दुपारी वॉलिंगफर्डची बस नक्की कुठून मिळेल?