तपासणीच्या नावाखाली डॉक्टरांचं गैरवर्तन: तक्रार नेमकी कुठे करायची?

निशिगंध
माझी बहीण (वय २४) पाठदुखीसाठी पुण्यातल्या एका खासगी दवाखान्यात गेली होती. तपासणी करताना डॉक्टरांनी नको तिथे हात लावला. खोलीत नर्स नव्हती. दवाखाना त्यांच्याच मालकीचा आहे. आज तिसरा दिवस. तिला झोप नाही, जेवण नाही. पोलीस चौकीत सांगितलं, "आधी मेडिकल बोर्डाचा अभिप्राय आणा." आता पोलिसांकडे जायचं की वैद्यक परिषदेकडे? आणि घरी तिला कसं सांभाळायचं?

पायवाट
बोर्डाची अट इथे लागूच होत नाही. ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालावरून आली आहे आणि तो निकाल उपचारातल्या निष्काळजीपणाबद्दल आहे. हे तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७४, म्हणजे विनयभंग. चौकीत थांबू नका, ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर, हद्द कुठलीही असली तरी) नोंदवायला सांगा.

या कलमाला १ ते ५ वर्षं शिक्षा आहे. त्यामुळे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी लावता येते. तशी लावली तर लेखी कळवायला सांगा, नाहीतर "चौकशी चालू आहे" हेच महिनाभर ऐकाल. गुन्हा नोंदवलाच नाही, तर तक्रार पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कलम ७४ ची तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम १९९ लागतं, हे अर्जात जरूर लिहा.

सीसीटीव्हीची घाई करा, जुन्या चित्रीकरणावर नवं चढत जातं. मात्र ते दवाखान्याकडे मागू नका, ते सावध होतील. पोलिसांनी ताब्यात घ्यावं असं तक्रारीतच लिहा. त्या दिवशीचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन पुरावा खराब होतो.

कडुलिंब
परिषद आणि पोलीस, दोन्ही एकाच वेळी चालतं. आधी डॉक्टर कुठल्या नोंदवहीत आहेत ते पाहा. ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी यांच्या परिषदा वेगळ्या. चुकीच्या ठिकाणी दिलेली तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते. ॲलोपॅथी डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतला नियम ७.४ (रुग्णाशी अनुचित वर्तन) नमूद करा. उपचारांची कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात, हेही त्याच नियमावलीत आहे.

"असभ्य वर्तन केलं" एवढंच लिहिलं की तक्रार लंगडी पडते. वेळ, कुठला अवयव, कपडे कोणी आणि का काढायला लावले, आधी विचारलं का, नेमके शब्द काय होते, हे सगळं क्रमाने हवं. परिषद नोंदणी निलंबित किंवा रद्द करू शकते. तुरुंग आणि भरपाई तिच्या हातात नाही. निकालाला सहा महिन्यांची मुदत आहे, पण ती पाळली जातेच असं नाही. प्रगती माहिती अधिकारात विचारा.

आणखी एक वाट लोक विसरतात. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात रुग्णालयही कामाचं ठिकाण आहे आणि तक्रार करणारी तिथली कर्मचारी असायची गरज नाही. मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत तीन महिने.

सावली
तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. एकदा, तिला जमेल तेव्हा, तिच्याच शब्दांत लिहून घ्या. तोच मजकूर सगळीकडे वापरा. "तेव्हाच ओरडली का नाहीस" हा प्रश्न घरात कोणीही विचारायचा नाही. भीतीने शरीर गोठतं, ती संमती नव्हे. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत, चोवीस तास बोलता येतं. झोप उडणं, दचकणं पहिल्या आठवड्यांत बरेचदा दिसतं. महिन्यानंतरही तेच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले तर मात्र त्याच दिवशी. मोफत वकिलासाठी विधी सेवा हेल्पलाइन १५१००.

निशिगंध
खूप आभार. पण ती सध्या पोलिसांना नको म्हणते.

सावली
मग तिच्या गळी उतरवू नका. मजकूर तारखेसह लिहून तिची सही घेऊन ठेवा, कपडे जपा. मात्र चित्रीकरण कदाचित उरणार नाही, हे तिला स्पष्ट सांगा. समितीची तीन महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि डॉक्टरांचं नाव फेसबुकवर टाकू नका, बदनामीचा दावा उलटा तिच्यावरच येऊ शकतो.