मदत हवी आहे: ताम्हिणीतली ही चिचुंद्री कोणती?

नमस्कार. ताम्हिणी घाटात सडलेल्या ओंडक्याखाली गांडूळ ओढत नेणारी एक अगदी लहान, काळपट चिचुंद्री दिसली. लांबट नाक सतत हलत होते आणि शेपटीवर विरळ, लांब केस होते. पुण्यात घरांभोवती फिरणाऱ्या चिचुंद्रीची लहान पिल्ले एकमेकांना तोंडाने धरून आईमागे रांगेने चालतात. ही मात्र एकटीच होती. ती त्याच जातीचे वाढते पिल्लू, की जेमतेम २ ग्रॅम वजनाच्या एट्रुस्कन चिचुंद्रीसारखी एखादी लहान जात, हे छायाचित्रावरून ठरवता येईल का? चिचुंद्रीला काही तास अन्न मिळाले नाही तरी ती मरू शकते, त्यामुळे रात्रभर सापळा लावणे मला मुळीच मान्य नाही. कान, शेपटी, दात यांपैकी नेमके काय टिपावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.