गॉथिक भयगेम: आयता ड्रॅक्युला घ्यावा की स्वतःचं भूत घडवावं?

काळी_मेणबत्ती:
कॉपीराइटच्या कचाट्यात न सापडता गॉथिक भयगेम करायचा, तर हक्कमुक्त पात्र घेणं हा सोपा मार्ग समजला जातो. मला तोच जास्त निसरडा वाटतो. ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर १९१२ साली वारला, कादंबरी १८९७ची. मजकूर सगळ्यांचा झाला, कबूल. पण आपल्या डोक्यातला ड्रॅक्युला त्या मजकुरातला नसतोच. उन्हात मरणं घ्या. कादंबरीतला काउंट लंडनमध्ये दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती घटते. सूर्यप्रकाशाने विरून जाणं १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातलं. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाला १८१८च्या पुस्तकात पिवळट कातडी आणि लांब काळे केस आहेत. चपटं डोकं आणि मानेतले बोल्ट १९३१च्या युनिव्हर्सलच्या चित्रपटातले. चित्रकाराला नुसतं ‘ड्रॅक्युला काढ’ म्हणालात, तर तो नेमकं दुसऱ्याच्या मालकीचं काढून देणार.

तळघर_७:
असहमत. यात पात्राचा काय दोष? आळस आपला. चार रकान्यांची वही करा: घटक, मूळ पुस्तकातलं प्रकरण, साल, आणि ‘नंतरची भर आहे का?’. चौथ्यात ‘हो’ आलं की फुली. ओळखीचं पात्र असलं की पहिल्या वीस मिनिटांतलं समजावणं वाचतं, आणि छोट्या टीमसाठी ते फार मोठं आहे. बाकी पडका वाडा, वीज, वटवाघळं, भुयार कोणाच्याच मालकीचं नाही. त्या प्रकारात ओघानेच येणाऱ्या गोष्टींना अमेरिकी न्यायालयंही संरक्षण देत नाहीत.

घंटानाद:
दोघांनाही एक आठवण. ‘नावं बदलली की सुटलो’ हा समज त्याच मूकपटाने खोटा ठरवला. ड्रॅक्युलाला काउंट ऑर्लोक असं नाव देऊनही स्टोकरच्या पत्नीने खटला भरला आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करायचा आदेश दिला.

खेळाचे नियम मोकळे असतात, मांडणी नसते. २०१२च्या टेट्रिस (वरून पडणारे तुकडे रचायचा गेम) खटल्यात नियम घ्यायला हरकत नव्हती. तुकड्यांचं रूप आणि २० बाय १०चं मैदान जसंच्या तसं उचललं, तिथे प्रतिवादी हरला. भयगेममध्येही ‘मोजक्याच वेळा सेव्ह’ खुशाल घ्या. त्यासोबत ‘रेझिडेंट ईव्हिल’ या भयगेममधला तोच टाइपरायटर, तीच शाईची फीत आणि तसंच शांत संगीत आलं की नक्कल झाली.

म्हणून सुरुवात पात्रापासून नको, वास्तूपासून करा. जुन्या हवेल्यांत नोकरांना बोलवायला घंटांची फळी असे. प्रत्येक खोलीतून एक तार. घंटा वाजली, की ‘ते’ त्या खोलीत. झाला नियम. आता बिघडतं कुठे ते बघा. बारा खोल्या पहिल्यापासून उघड्या ठेवल्या तर घंटा सतत वाजतात आणि खेळाडूचा कान मरतो. सुरुवातीला पाच खोल्या आणि दोन घंटांमध्ये निदान ४० सेकंद ठेवून बघा. दूरच्या दालनात घंटा ऐकूच येत नाही, तेव्हा भिंतीवरून गेलेली तार थरथरताना दाखवा. शेवटच्या टप्प्यात एक तार तुटलेली ठेवा. तिथे स्टोकर लागतच नाही.

पडदा_फाटका:
लोक आवाजात अडकतात. बाखचं ऑर्गन संगीत मुक्त, पण त्याचं ध्वनिमुद्रण ज्याचं त्याचं. स्वतः वाजवा किंवा सीसी-झिरो (निर्मात्याने सगळे हक्क सोडलेलं) मुद्रण शोधा. ‘बीवाय-एनसी’ (श्रेय द्या, व्यापारी वापर नको) असा परवाना असलेला आवाज विक्रीच्या गेममध्ये चालत नाही. फॉन्टच्या परवान्यात गेममध्ये अंतर्भूत करायची मुभा आहे ना, ते वाचा. नावाचा ट्रेडमार्क शोध वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि ४१ (मनोरंजन) मध्ये, आणि तो लोगो काढायच्या आधी. (नंतर कोणी करत नाही.)

काळी_मेणबत्ती:
तळघर_७, वही मान्य, पण तुमच्या वहीत देशाचा रकानाच नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात ७०, अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींना प्रकाशनापासून ९५. ऑनलाइन दुकानात गेम एकदम सगळीकडे विकला जातो, म्हणजे सगळ्यांत कडक देश धरायचा. १९३१चा चित्रपट अमेरिकेतच १ जानेवारी २०२७ला मोकळा होतो, आणि तेव्हाही नंतरच्या भागांतली भर बंदच राहते.

तळघर_७:
मग पाचवा रकाना घाला, पात्र टाकायचं कशाला? आणि घंटानाद, तुमच्या फळीचीही नोंद वहीत होऊ द्या. घंटेवरून चाहूल ही कल्पना आधी कुणी वापरलीही असेल. असली तरी बिघडत नाही. फळीचं चित्र आणि घंटेचा आवाज मात्र तुमचा हवा.