मराठी वाचायला इंचाला किती पिक्सेल लागतात?

शिरोरेषा

दोन महिन्यांपूर्वी आईसाठी टॅबलेट घेतला. १०.१ इंची, १२८० बाय ८०० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके). आईचं वय ७१, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचन दांडगं. मोठा पडदा म्हणजे वाचायला सोपं, एवढाच विचार मी केला होता. आठवडाभरात ती म्हणू लागली, "अक्षरं कुसकरल्यासारखी दिसतात रे." डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्म्याचा नंबर तोच निघाला. मग एका संध्याकाळी तीच कादंबरी माझ्या जुन्या फोनवर उघडून दिली, तर चार पानं न अडखळता वाचली.

त्या रात्री हिशेब मांडला. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या पिक्सेलचे वर्ग करायचे, बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि कर्णाच्या इंचांनी भागायचं. टॅबलेटचं उत्तर आलं इंचाला १४९. फोनचं ३२६.

आता १४९ म्हणजे मराठी अक्षराच्या वाट्याला काय येतं ते पाहा. पुस्तकी १० पॉइंटाचं अक्षर धरलं (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग), तर फॉन्टची अख्खी उंची १४९ वर जेमतेम २१ पिक्सेल होते. ३०० वर ती ४२ होते. रोमन लिपीला एवढ्यात भागवता येतं. आपलं अक्षर तीन मजली आहे. 'कर्तृत्व' शब्दातला 'र्तृ' घ्या: वर रफार, मध्ये त, खाली ऋकार, आणि हे सगळं त्या २१ ओळींत बसवायचं. शिरोरेषेची जाडी दीड पिक्सेल आली की एक ओळ काळी आणि तिच्या शेजारची करडी उमटते. आईला दिसलेला पुसटपणा तो हाच.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मराठी वाचण्यासाठी कुणी टॅबलेट किंवा फोन घेत असेल तर २५० च्या खाली जाऊ नये, ई-रीडर घेत असेल तर ३००. आणि हा आकडा खोक्यावर छापलाच पाहिजे. 'एचडी प्लस' या शब्दाने काहीच कळत नाही. त्या नावाचा ७२० बाय १६०० चा पडदा साडेसहा इंचांवर २७० देतो. तेवढेच पिक्सेल मोठ्या पडद्यावर ताणले की आकडा घसरतो, नाव मात्र तेच राहतं.

हिशेबनीस

असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलल्यात आणि श्रेय एकीला देताय. त्या किमतीच्या टॅबलेटचा पडदा बहुतेकदा इतर बाबतींतही कमी असतो. काळा रंग काळा दिसत नाही, काच आणि पॅनेल यांच्यात हवेची फट असते, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं. मोतीबिंदूनंतर काहींना या चकाकीचा त्रास होतो. फोन आईंनी डोळ्यांपासून किती अंतरावर धरला होता? उजेड तोच होता का? अक्षराचा आकार तोच होता का? हे माहीत नसताना २५० ची रेघ कशाच्या आधारावर ओढायची?

दुसरं असं की आपल्यापैकी कित्येकांनी ऑफिसात वर्षानुवर्षं २४ इंची, १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर मराठी वाचलं आणि लिहिलं. तो पडदा इंचाला ९२ पिक्सेलचा असतो. विंडोजबरोबर येणारा, र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट आपण त्यावरच वाचला. पत्रकं निघाली, निकालपत्रं निघाली, कुणाचं अडलं नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एका फोनवर घरातली तीन मुलं आळीपाळीने अभ्यास करतात अशी घरं मी रोज बघतो. त्यांना "२५० च्या खाली घेऊ नका" म्हणणं म्हणजे "घेऊ नका" म्हणणं. अशा घरांसाठी १४९ चा टॅबलेट हे पहिलं पुस्तकांचं कपाट असू शकतं.

खटपट्या

'३००' हा आकडा लोकांच्या डोक्यात कुठून बसला ते सांगतो, कारण या वादाची मुळं तिथेच आहेत. जून २०१० मध्ये आयफोन ४ आला. साडेतीन इंच, ९६० बाय ६४०, म्हणजे ३२६. त्याआधीचा ३जीएस १६३ वर होता. १० ते १२ इंचांवर धरलेल्या फोनसाठी इंचाला साधारण ३०० पिक्सेल ही डोळ्याची मर्यादा आहे, असं स्टीव्ह जॉब्स यांनी तेव्हा सांगितलं. पडदे तपासणाऱ्या डिस्प्लेमेटच्या रेमंड सोनेरा यांनी हरकत घेतली: निकोप डोळ्याची खरी मर्यादा गाठायची तर १२ इंचांवर ४७७ लागतील. खगोलशास्त्रज्ञ फिल प्लेट यांनी उत्तर दिलं की सर्वसाधारण, म्हणजे आपण ज्याला ६/६ म्हणतो, त्या नजरेसाठी जॉब्सचा आकडा बरोबर आहे.

दोघांचंही गणित खरं आहे. ६/६ नजर अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला एवढा कोन ओळखते. १२ इंचांवर त्याचे २८६ पिक्सेल होतात, १६ इंचांवर २१५. शिरोरेषा, तुमचा १४९ चा टॅबलेट २३ इंचांवर धरला की त्याच मर्यादेत येतो. आणि हिशेबनीस, तुमचा ९२ चा मॉनिटर हातभर लांब असतो, त्यावर आपण अक्षरही मोठं ठेवतो. त्याची तुलना मांडीवरच्या टॅबलेटशी करता येणार नाही.

वरच्या टोकाला मात्र नुसती पिक्सेलची नासाडी चालते, असं माझं मत आहे. सोनीचा २०१५ चा एक्सपीरिया झेड५ प्रीमियम ८०६ पीपीआयचा (पीपीआय म्हणजे इंचाला पिक्सेल) होता, आणि तोही बहुतांश वेळ १०८० पीवरच चित्र काढायचा. पूर्ण ४के, म्हणजे पडद्याचे सगळे पिक्सेल, फक्त फोटो-व्हिडिओला. पुढे त्याच कंपनीने २०२४ च्या एक्सपीरिया १ सहामध्ये ४के सोडून दिलं. २०१७ चा गॅलेक्सी एस८ पडद्याने २९६० बाय १४४० असूनही खोक्यातून निघायचा तो २२२० बाय १०८० वर लावलेला. यातून काय ते समजा.

मुद्रितशोधक

हिशेबनीस यांच्या "कुणाचं अडलं नाही" या वाक्यावर मला बोललंच पाहिजे. माझं अडलं आहे.

मी २२ वर्षं मुद्रितं तपासतो. वाचणारा माणूस अक्षर बघत नाही, शब्दाचा अंदाज घेतो. 'पुस्तक' शब्द अर्धा पुसला तरी तो 'पुस्तक'च वाचतो. म्हणून कमी पिक्सेलांवर वाचन "चालतं". पण 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' यांत एक गुरू आहे आणि दुसरा स्वयंपाकी. 'दर्या' समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. फरक एवढाच की एकात रफार डोक्यावर बसतो आणि दुसऱ्यात अर्धा र आडवा, बारीक लपेटीसारखा य ला चिकटतो. ती लपेटी दोन पिक्सेलांत कशी काढणार? 'व' आणि 'ब' यांत पोटातली एक तिरकी रेघ. 'प' आणि 'ष' यांतही तेच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात शिरोरेषेची एक लहानशी फट. आपल्या लिपीत अर्थ या बारीकसारीक जागांमध्ये राहतो.

माझ्यासारखा तपासणारा सोडा. जो अंदाजाने वाचू शकत नाही अशा प्रत्येकाचं अडतं. पहिलीतलं मूल अंदाज कशाचा घेणार? त्याला अजून शब्दच माहीत नाहीत. अमराठी माणूस मराठी शिकतोय, त्याचंही तसंच. जुनी ओवी वाचणाऱ्यालाही संदर्भ मदत करत नाही. म्हणजे हिशेबनीस ज्या मुलांची बाजू मांडत आहेत, त्यांनाच स्पष्ट अक्षर सगळ्यांत जास्त हवं. स्वस्त वस्तू त्यांना मिळावी हे मला मान्य आहे. ती अस्पष्ट असली तरी चालेल, हे मान्य नाही.

चाळिशीपार

मधला मार्ग आहे की. अक्षर मोठं करा! १४९ वर २० पॉइंट ठेवलं की पुन्हा जवळजवळ ४२ पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० वरच्या १० पॉइंटाएवढेच. साठीनंतर कुणी १० पॉइंट वाचत नाही. माझं वय ६६, माझ्या टॅबलेटची घनता मला आजवर माहीतही नव्हती. मजेत वाचतो.

आणखी एक. रात्री डोळे चुरचुरतात त्याचं खापर पिक्सेलवर फोडू नका. बऱ्याच ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो अशा) फोनांचा पडदा उजेड कमी केला की सेकंदाला सुमारे २४० वेळा लुकलुकतो. सगळ्यांना नाही, पण काहींना त्याने डोकं दुखतं. मला दुखायचं. साध्या एलसीडी (मागच्या दिव्याने उजळणाऱ्या) फोनवर आलो, तो २७० चाच आहे, आणि त्रास थांबला.

शिरोरेषा

चाळिशीपार काका, अक्षर मोठं करून पाहिलं होतं. फायदा झाला, नाकारत नाही. पण मराठी शब्द लांब असतात. 'विद्यापीठाच्या', 'स्वातंत्र्यानंतरच्या' असे दोन शब्द आले की ओळ भरते, आणि दोन्ही कडा सरळ ठेवणारं ॲप मध्ये बोटभर फटी सोडतं. आईला सलग वाक्य हवं असतं. लुकलुकण्याचं मला माहीत नव्हतं. टॅबलेट आणि माझा जुना फोन दोन्ही एलसीडीच आहेत, म्हणजे तिला बरं वाटण्यात त्याचा हात नसावा.

हिशेबनीस, उजेड आणि अंतर मी मोजलं नव्हतं, ही चूक मान्य. रविवारी नीट करून बघतो.

दूरदेशी

मी गेली १४ वर्षं भारताबाहेर आहे. इथे मराठी छापील पुस्तक मिळत नाही, त्यामुळे माझं सगळं वाचन पडद्यावर. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं सुरू झाली तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

तुम्ही सगळे वाहत्या मजकुराबद्दल बोलताय, ज्याचा आकार बदलता येतो. माझं अर्धं वाचन जुन्या पुस्तकांच्या स्कॅनचं आहे. तिथे अक्षर मोठं करायची सोय नाही, पान जसं आहे तसं. सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ३.६ इंच रुंद. डेमी आकाराचं साडेपाच इंची पान त्यात कोंबलं की १२ पॉइंटाचं अक्षर ८ पॉइंटाच्या आत येतं. पीपीआय ३०० असूनही जोडाक्षरं लागत नाहीत. मग मी १०.३ इंची घेतला, १८७२ बाय १४०४. त्याची घनता २२७ च आहे. पण पान जवळजवळ मूळ आकारात दिसतं आणि पानाला २६ लाख पिक्सेल मिळतात, सहा इंचीवर साडेपंधरा लाख मिळायचे. माझ्या कामाला २२७ हा ३०० पेक्षा सरस ठरला. इंचाला किती यापेक्षा पानाला किती, असं मी मोजतो.

रंगीत ई-रीडर घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: कॅलिडो ३ पडद्यावर काळं-पांढरं ३०० ला दिसतं, रंगीत १५० ला. मुलांच्या चित्रमय पुस्तकात रंगीत अक्षरं असतात, तिथे हे जाणवतं.

हिशेबनीस

मुद्रितशोधक, मुलांबद्दलचा तुमचा मुद्दा मला लागला. त्यावर मी विचार केला नव्हता. तरीही आग्रह सोडत नाही: घनता वाढवणं फुकट नसतं. मार्च २०१२ मध्ये आयपॅड १३२ वरून २६४ वर गेला तेव्हा बॅटरी २५ वॉट-तासांवरून ४२.५ वर न्यावी लागली आणि यंत्र जाड व जड झालं, कारण पिक्सेल बारीक झाले की मागचा उजेड कमी झिरपतो आणि दिवा वाढवावा लागतो. आईंच्या वयाच्या माणसाला हातातलं वजनही जाणवतं.

शिरोरेषा, रविवारी करणार असाल तर असं करा. दोन्ही यंत्रांवर अक्षराची उंची पट्टीने मोजून सारखी ठेवा. दिवसाचा उजेड, अंतर १४ इंच. संदर्भाने ओळखता येणार नाहीत असे सुटे शब्द द्या.

शिरोरेषा

केलं. मुद्रितशोधकांच्या यादीतलेच शब्द घेतले, आणखी काही घालून एकूण २०. खिडकीशी बसवलं, पट्टी लावली. आईला कारण सांगितलं नाही.

पुस्तकी आकारात टॅबलेटवर २० पैकी ६ चुकले. 'दऱ्या'चं 'दर्या', 'वाट'चं 'बाट', असे. फोनवर एक चुकला. अक्षर दीडपट केल्यावर टॅबलेटवर २ चुकले, फोनवर एकही नाही. दुप्पट केल्यावर दोन्हीकडे शून्य. म्हणजे चाळिशीपार काकांचं गणित माझ्या घरात खरं ठरलं, आणि माझी तक्रारही. एका घरातली एकच चाचणी आहे, यापुढे काही म्हणत नाही. २५० ची रेघ मागे घेतो. किती आकाराचं अक्षर, किती लांबून, हे सांगितल्याशिवाय तो आकडा लिहायला नको होता. खोक्यावर पीपीआय छापण्याची मागणी कायम आहे.

मुद्रितशोधक

मग आईंसाठी काय ठरलं?

शिरोरेषा

टॅबलेट परत करायची मुदत संपली आहे. आमच्या कामवाल्या ताईंची मुलगी आठवीत आहे, तिला देतोय, अक्षराचा आकार दुप्पट लावून. आईसाठी ७.९ इंची, ३२६ चा वापरलेला शोधतोय. आयपॅड मिनी २ ते मिनी ५ पैकी कुठलंही चालेल, बॅटरी धड असली म्हणजे झालं. पुण्यात कुणाकडे असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.