'गर्ल्स हॉस्टेल'च्या फलकावर अपॉस्ट्रॉफी नेमकी कुठे द्यावी?

धरमपेठकर: आमच्या ट्रस्टच्या वसतिगृहाचा इंग्रजी फलक नव्याने रंगवून घ्यायचा आहे. 'गर्ल्स' लिहिताना अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी द्यावी, नंतर द्यावी की देऊच नये, यावर विश्वस्तांचे एकमत होत नाही आणि पेंटर सोमवारी येणार आहे. तिन्हींचा उच्चार सारखाच असल्याने कानावर विसंबता येत नाही. कृपया कारणासह सांगावे.

निवृत्त_शिक्षिका: एसच्या नंतर द्यावी. कान उपयोगी पडत नसला तरी मराठी उपयोगी पडते. 'मुलीचे' आणि 'मुलींचे' यांत जो फरक अनुस्वार दाखवतो, तोच इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीच्या जागेवरून कळतो. चिन्हाच्या डावीकडे जे उरते ते मालकाचे नाव. तिथे 'गर्ल' उरले तर सारे वसतिगृह एकाच मुलीच्या नावे होते! याच न्यायाने ५ सप्टेंबरच्या 'टीचर्स डे'मध्ये चिन्ह एसनंतर येते, तर १४ नोव्हेंबरच्या 'चिल्ड्रन्स डे'मध्ये एसच्या आधी, कारण 'चिल्ड्रन' हे एसविनाच अनेकवचन आहे. मालकीचा प्रश्नच नसलेल्या साध्या अनेकवचनाला मात्र चिन्ह देऊ नये. सीताबर्डीत साड्यांच्या पाट्या रंगवणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. 'इट्स'मध्येही 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा अर्थ असेल तरच चिन्ह येते, मालकी दाखवताना नाही.

सिव्हिल_लाइन्स: नियम मान्य आहे, पण विशेषनामांना तो सक्तीने लावू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही शेजारची स्थानके आहेत; पहिल्याच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नाही. आपल्या लेडीज क्लब चौकाचे नाव कोणी चिन्हाविना लिहिले, तर मी ती चूक धरणार नाही. वसतिगृहाच्या फलकावरही 'गर्ल्स' हे विशेषणासारखे मानून चिन्ह गाळणारे पुष्कळ आहेत.

धरमपेठकर: मग नोकरदार महिलांच्या विभागावर 'वर्किंग विमेन्स हॉस्टेल' लिहितानाही चिन्ह गाळले तर चालेल का?

निवृत्त_शिक्षिका: तिथे चालणार नाही. 'गर्ल्स'मधील एस अनेकवचनाचा असल्याने चिन्ह काढले तरी शब्द शुद्ध राहतो. 'विमेन' हे आधीच अनेकवचन आहे. त्यापुढचा एस केवळ मालकीचा असल्याने चिन्हाविना तो शब्दच चुकतो. त्या फलकावर आधी 'विमेन' पूर्ण लिहून घ्यावे, मग अपॉस्ट्रॉफी आणि शेवटी एस.