मदत हवी आहे : जजसाहेबांच्या वाड्याचा निजामकालीन पुरावा कुठं शोधावा?

अंबाजोगाईत आमचा जुना वाडा आहे, गावात अजून त्याला जजसाहेबांचा वाडा म्हणतात, कारण पणजोबांचे थोरले भाऊ निजामाच्या काळात हैदराबादला हायकोर्टात जज होते. आता भाऊबंद वाडा पाडायचं म्हणतायत, पण ते खरंच इथं राहत होते असा कागद दाखवला तर निदान दर्शनी भाग ठेवायला सगळे तयार आहेत.

दिंडीदरवाजावर उर्दूत कोरलेला दगड आहे, चुन्याचे थर खरवडल्यावर १३२४ फसली (निजामाच्या काळातलं महसुली वर्ष) एवढं वाचता आलं, म्हणजे ५९० मिळवले की १९१४-१५. तहसीलमधून खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचा जुना कागद) काढलं, ते १९५४-५५ चं, त्यात आजोबांचंच नाव. पीआर कार्ड (घरजागेच्या मालकीचा सरकारी उतारा) तर त्याहून नंतरचं. जुन्या कागदांत गावाचं नाव मोमिनाबाद असणार हे माहीत आहे, तसं पण शोधलं. घरातली पेटी वाळवीनं खाल्ली, ते विचारू नका.

आता हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात जायचा विचार आहे, पण रजा दोनच दिवस आहे अन् उर्दू मला येत नाही. तिथं जज लोकांच्या नेमणुका जरीद्यात म्हणजे निजामाच्या गॅझेटात बघाव्या का सिव्हिल लिस्टमध्ये, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या यादीत? अर्ज आधी पाठवावा लागतो का? अन् घरपट्टीचे त्या काळचे रजिस्टर तिकडं गेलेत का संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात सापडतील, कुणी स्वतः काढलेत का?