मदत हवी आहे: बी.फार्म.चं ट्रेनिंग लहान मुलांच्या वॉर्डात करता येईल का?

नमस्कार. मी कळव्याला राहते, बी.फार्म.च्या सहाव्या सेमिस्टरला आहे. सातवं सुरू व्हायच्या आत १५० तासांचं ट्रेनिंग करायचं असतं, साधारण चार आठवडे. वर्गातल्या बऱ्याच जणींनी रबाळे-महापेच्या कंपन्या बघून ठेवल्यात. मला लहान मुलांचा वॉर्ड हवाय.

संध्याकाळी मी मामाच्या मेडिकलवर बसते. गेल्या महिन्यात एक आई तापाचे ड्रॉप्स घ्यायला आली. बाळ दहा किलोचं. आधीच्या सिरपचं टोपण घरात होतं, त्यानेच पाच मिली देणार होती. त्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ पॅरासिटामॉल, म्हणजे एका टोपणात ५००! किलोला १५ धरले तरी बाळाला दीडशे पुरे, म्हणजे दीड मिली. मी ड्रॉपरवरची रेघ दाखवली, तिने तिथे नखाने खूण करून घेतली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एका हॉस्पिटलात विचारून आले. "फार्मसीवाल्यांचं वॉर्डात काय काम? स्टोअरमध्ये बसा," म्हणाले. स्ट्रिपा मोजायला माझी ना नाही, पण चारही आठवडे तेच?

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम, तिन्ही मेडिकल कॉलेजांची. तिथे पत्र कुणाच्या नावे द्यायचं? फार्म.डी. या सहा वर्षांच्या फार्मसी कोर्सवाल्यांची सहाव्या वर्षी अख्खी इंटर्नशिपच असते, पण बी.फार्म.वाल्यांना वॉर्डात घेतात का? परळचं वाडिया तर मुलांचंच, स्लो लोकलने सरळ जाता येतं. तिथे कुणी केलंय का?

प्रतिसाद

अगं, मी ठाण्यात हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे, तुला तूच म्हणते. प्राचार्यांच्या सहीचं पत्र अधीक्षकांच्या नावे घे आणि त्यात 'बालरोग विभाग' स्पष्ट लिहून घे. नुसतं 'हॉस्पिटल ट्रेनिंग' लिहिलंस तर स्टोअरच मिळेल.

पण स्टोअरला नाक मुरडू नकोस. पहिला आठवडा तिथे मनापासून काढ. ड्राय सिरपमध्ये, म्हणजे बाटलीतल्या औषधाच्या पावडरीत, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं घालायचं, ते आयांना समजावून सांग. मी तेच करायचे, मग आमच्या मॅडमच मला राउंडला घेऊन गेल्या. नवजात कक्षात सिस्टर कुठलं इंजेक्शन कशात मिसळतात ते वहीत टिपत जा. सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक आणि सलाईनमधून कॅल्शियम नवजात बाळाला एकत्र चालत नाही, हे पाठ होतं मला, पण बाळाच्या हाताला लावलेली सुई बघितली तेव्हा कुठे उमगलं.

आणि हिपॅटायटिस बी लसीचा कागद पत्राला जोड. मला त्याच्यासाठी गेटवरून परत पाठवलं होतं.